चटणीच्या पुडीचा कागद

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी नाकाला कांदा-लसणीच्या चटणीचा वास येतो. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत टेबलावर नाना प्रकारचे पुरावे आले. पण एका अपघाताच्या तपासात पुराव्याचा कागदच तेलकट, तांबडा आणि तिखट होता. या गुन्ह्यात मी चुकलो होतो, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. कोल्हापूरजवळच्या, हायवेला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास पेठ वडगावच्या बाजूला, फाट्यावर, सायकलवरून दूध घालायला निघालेल्या एका म्हाताऱ्याला पांढऱ्या जीपनं उडवलं. म्हातारा जागीच गेला. जीप थांबली नाही. चहाच्या टपरीवाल्यानं तिला पाहिलं होतं, पण पांढरा रंग आणि टपावर सामान, एवढंच त्याला सांगता आलं. नंबर कुणालाच माहीत नव्हता.

आमच्या हवालदारांनी स्थळपंचनामा केला. ते चष्मा नाकावर घेऊन बारीकसारीक सगळं लिहिणारे गृहस्थ. फुटलेल्या हेडलाइटची काच, सांडलेलं दूध, सायकलची वाकलेली मूठ आणि 'झेंडूच्या फुलांचा तुटलेला ताजा हार, एक' असं त्यांनी लिहिलं. हार रस्त्यात कुणाचाही पडेल, तो कशाला लिहिलात, म्हणून मी त्यांची थट्टा केली. ते म्हणाले, दिसलं ते लिहिलं.

आठवड्याभरात मला माझा आरोपी सापडला. कोडोलीचा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण, जीपनं वडाप करणारा, म्हणजे फाट्याफाट्यावर माणसं भरून नेणारा. त्याची जीप पांढरी होती. डाव्या बाजूचा हेडलाइट नुकताच बदललेला होता, बंपर ठोकून सरळ केलेला होता. त्यावर कडी म्हणजे त्याच्या घरात पासपोर्ट निघाला आणि पासपोर्टवर आखातातल्या एका देशाचा व्हिसा. आमच्याकडे तिकडच्या कुठल्याही देशाला दुबईच म्हणतात. तर हा पठ्ठ्या महिना-दीड महिन्यात दुबईला चालला होता. मला आणखी काय हवं होतं?

चार तास मी त्याला बाकावर बसवून प्रश्न विचारले. त्याची उत्तरं दोनच होती. उसाच्या ट्रॉलीला मागून घासलं म्हणून लाइट फुटली. जायच्या आधी गाडी विकायची होती म्हणून ती दुरुस्त केली. माझा एक ठोकताळा होता. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त सांगतो, न विचारलेलंही सांगतो. हा विचारलेलंसुद्धा मोजकंच सांगत होता. माझाच ठोकताळा मी त्या दिवशी बासनात गुंडाळून ठेवला आणि त्याच्या शांतपणाला बनेलपणा समजलो.

गुन्हा जामीनपात्र होता, त्याला जामीन मिळाला. पासपोर्ट मात्र मी जप्त करून कपाटात ठेवला आणि तपासकामी दर सोमवारी हजर राहण्याची समज दिली. वार्ताहर आले तेव्हा त्यांना सांगितलं की आरोपी परदेशी पळण्याच्या तयारीत होता. बातमी तशीच छापून आली. ती वाचून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

तो दर सोमवारी यायचा. सही करायचा, माझ्या दारात उभा राहायचा आणि व्हिसाचे किती दिवस उरले ते सांगायचा. तक्रार नाही, रडारड नाही. पुढं पुढं मला त्याचा राग यायला लागला. कामात असलेल्या माणसाला कुणी उगाच घड्याळ दाखवावं, तसं ते वाटायचं.

अशाच एका सोमवारी तो म्हणाला, "साहेब, वीस दिस ऱ्हायल्यात." त्याच दिवशीच्या टपालात परदेशी तिकिटाचं एक जाड पाकीट आलं. वर लिहिलं होतं, 'मोठे साहेब, पोलीस ठाणे'. पाकीट फोडलं आणि खोलीभर चटणीचा वास पसरला. आत आमच्याकडच्या वर्तमानपत्राचं एक अख्खं पान घडी करून ठेवलेलं, तेलानं तांबडं झालेलं. सोबत तीन पानी पत्र. खाली सही नव्हती.

पत्र लिहिणारे अकरा जण होते. सगळे कोल्हापूरकडचे, आखातात एकाच खोलीत राहणारे, बांधकामावर आणि वर्कशॉपमध्ये काम करणारे. गावाकडून आलेला डबा ते शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी उघडत. चटणी, पापड ज्या कागदात गुंडाळलेले असत, तो कागद पुसून, हातानं सरळ करून एकानं मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. महिन्याची शिळी बातमी, पण त्यांना तीच ताजी. मग त्यावर दिवसभर बोलणं चाले. त्या फाट्यावर गतिरोधक का होत नाही. शहरात गळ्यातलं ओढून नेणारे एवढे कुठून आले. पासपोर्टच्या चौकशीला कुणाला चार महिने लागले, कुणाला सहा, आणि कुणाचा कागद कोणत्या टेबलावर अडकला होता. माझ्यासारख्यांचा उद्धारही होत असावा, पण तो पत्रात लिहिलेला नव्हता.

त्या शुक्रवारी पुडीच्या कागदात माझ्या तपासातल्या अपघाताची बातमी निघाली. निम्मे म्हणाले, बरं झालं पकडला, माणूस मारून दुबईला पळत होता. निम्मे म्हणाले, बिचाऱ्याचा व्हिसा बुडाला. या वादात एकानं हातातली भाकरी खाली ठेवली. तो दिवस आणि ती वेळ त्यालाच ठाऊक होती. त्या सकाळी तो रजा संपवून मुंबईला, विमानतळावर निघाला होता. त्याच्या जीपनं सायकलवाल्याला उडवलं होतं.

पुढं लिहिलं होतं की यावर आठवडाभर खोलीत भांडणं झाली. पत्र लिहिलं तर उद्या सगळ्यांचेच पासपोर्ट अडकतील, असं काहींचं म्हणणं. शेवटी लिहायचं ठरलं, पण नाव कुणाचंच घालायचं नाही. पत्रातलं एक वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे. "साहेब, आमचे पासपोर्ट आमच्याजवळ नाहीत, मालकाच्या कपाटात आहेत, त्यामुळे आम्हाला येता येत नाही, पण तुम्ही धरलेला माणूस तो नव्हे."

एवढं स्पष्ट पत्र वाचून मी काय केलं? ते खणात टाकलं. आरोपीचे नातेवाईक असली पत्रं कुठूनही आणवतात, असा माझा अनुभव होता. निनावी अर्जाला किती किंमत द्यायची हेही मला अनुभवानंच शिकवलेलं. पण खण उघडला की वास यायचा. पेन घ्यायला उघडला, वास. शिक्का घ्यायला उघडला, वास. पुढच्या सोमवारी तो तरुण दारात उभा राहून म्हणाला, "तेरा, साहेब." मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मी पासपोर्टच्या चौकशीचं काम पाहणाऱ्या जुन्या शिपायाला बोलावलं आणि पत्र त्याच्या हातात दिलं. आठ दिवस ते माझ्याकडे पडून होतं. त्यानं ते उभ्याउभ्या वाचलं. मग म्हणाला, "पंचनाम्यात हार हाय न्हवं, साहेब?"

हाराचं काय, असं मी विचारलं. त्यानं सांगितलं ते ठाण्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही होतं. आपल्याकडे माणूस दुबईला निघाला की भाड्याची जीप ठरते. गाडीला हार घालतात, चाकापुढं नारळ फोडतात, सगळी गल्ली पोचवायला येते. वडापच्या गाडीला साध्या मंगळवारी ताजा हार कोण घालतो? आमच्या हद्दीतल्या प्रत्येक पासपोर्टवाल्याच्या घरी चौकशीला जाऊन त्यानं चहा घेतलेला. कोण कधी आला, कधी गेला, हे त्याला रजिस्टर न उघडता सांगता येई. तो म्हणाला, त्या दिवशी दोघं गेले. एक एसटीनं. दुसरा जीपनं, वारणेकाठच्या एका गावातला.

बुधवारी आम्ही त्या घरी गेलो. गेलेल्या माणसाचे वडील ओट्यावर बसले होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, हात अजून मजबूत. मुलगा कोणत्या तारखेला गेला एवढंच मी विचारलं. त्यांनी तारीख सांगितली आणि पुढं मला फार विचारावं लागलं नाही.

"डायवरनं ब्रेक मारला व्हता," ते म्हणाले. "मीच म्हटलं, चल. रजेपेक्षा दोन दिस जास्त ऱ्हायलतं पोरगं. इमान चुकलं असतं तर नोकरी गेली असती."

एवढे दिवस गप्प कसे बसलात, असं मी विचारलं.

"बाराव्याला जाऊन आलो, साहेब. मागं बसलो. जेवलो न्हाय."

त्यांच्यावर ओरडायचं मी मनात ठरवून गेलो होतो. ते जमलं नाही.

त्यांची सून चहा घेऊन आली. माझ्या हातातल्या तांबड्या पानाकडे तिनं एकदा बघितलं आणि कप खाली ठेवला. घरात वर्तमानपत्र येत असल्याची खूण कुठं दिसत नव्हती. मुलाचा डबा कोण भरतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, मीच. मग हे पान कुठून आलं? दुकानातनं मागून आणलं. नेमकं हेच का?

तिनं पदर सारखा केला. "चटणीला कागद लागतोच की," ती म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सासऱ्यांसमोर तिला बोलता येत नव्हतं. नवऱ्याला पत्रात लिहावं, तर पत्र सगळ्या खोलीत वाचलं जाणार. पण पुडीचा कागदही सगळ्या खोलीत वाचला जातो आणि त्यात तिचा स्वतःचा एक शब्दही नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांच्या आधी तिनं या गुन्ह्याचा तपास लावला होता.

शुक्रवारी ड्रायव्हर आणि जीप दोन्ही ताब्यात आले. घटनास्थळावरची काच त्या जीपच्या अजून न बदललेल्या फुटक्या लाइटशी जुळली. सोमवारी कोडोलीच्या तरुणाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल, कलम १६९ प्रमाणे, मी कोर्टात पाठवला. तो त्या सकाळी येऊन "सहा" म्हणून गेला होता. पासपोर्ट परत देण्याचा आदेश पुढच्या सोमवारी झाला. मंगळवारी मी स्वतः कोडोलीला गेलो. पासपोर्ट शिपायाकडून पाठवता आला असता, पण तेवढी लाज मला शिल्लक होती.

तो अंगणात जीप धूत होता. अजून विकली नव्हती. त्यानं ओले हात शर्टाला पुसले, पासपोर्ट घेतला, व्हिसाचं पान उघडून तारीख बघितली. रविवारी मुदत संपली होती. मी पत्र आठ दिवस खणात ठेवलं नसतं, तर त्याला जाता आलं असतं. हे मी त्याला सांगितलं. चूक माझी झाली, असंही म्हणालो. गणवेशात असताना हे वाक्य मी फार वेळा उच्चारलेलं नाही.

त्यानं पासपोर्ट मिटला. "मग आता सोमवारी यायला नको न्हवं?" त्यानं विचारलं.

मी नको म्हणालो. तो पुन्हा जीप धुवायला लागला.

खोलीतला तो माणूस सात महिन्यांनी रजेवर आला. मालकाच्या कपाटातून पासपोर्ट सुटायला तेवढे दिवस लागले. घरी जायच्या आधी तो दोरीनं बांधलेली खोकी घेऊन ठाण्यात आला आणि जबाब देऊन गेला. खोलीतल्या बाकीच्या दहा जणांनी त्याच्याजवळ एक चिठ्ठी पाठवली होती. त्यांच्या कंपनीत ड्रायव्हरची जागा होती, कोडोलीच्या त्या तरुणाचा पत्ता त्यांना हवा होता.

पत्रात मालकाच्या कपाटातल्या पासपोर्टांबद्दल वाचताना मला त्या मालकाचा राग आला होता, आणि माझ्या पाठीमागच्या कपाटात एक पासपोर्ट पडून होता. या गुन्ह्यानं मला शिकवलं ते एवढंच. आपल्या टेबलावरचा कागद आपल्यासाठी कागद असतो, दुसऱ्या टोकाला कुणीतरी त्याचे दिवस मोजत असतो.

वर्षभरानं नव्या व्हिसासाठी कोडोलीच्या त्या तरुणाच्या चारित्र्य दाखल्याची फाइल माझ्याकडे आली. शिपायानं ती इतर फायलींच्या खाली ठेवली होती. मी ती वर काढली आणि सही केली. सहीला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.