काटकसऱ्यांनी काढलेली ताई

छापखान्यातले चित्रकार आम्हाला काटकसरे म्हणूनच माहीत. आडनाव नव्हे हो, टोपणनाव! उमेदवारी औषधाच्या बाटल्यांची लेबलं चितारण्यात गेली. तिथं बोटभर जागेत सगळं बसवायचं, म्हणून हात आखडता घ्यायची सवयच लागली. माणसाचा चेहरा ते चार रेघांत उरकत. त्यांची बायको म्हणायची, "आमच्या यांना शाईची बाटली लग्नात मिळाली, ती अजून संपायचीय."

माझ्या ताईचं पहिलं पुस्तक निघणार होतं. मागच्या पानावर लेखिकेचा चेहरा हवाच, असं प्रकाशकांचं म्हणणं. ताईनं साफ नकार दिला. मधल्या दुखण्यात तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि तेव्हापासून तिनं उंबरठा ओलांडला नव्हता. "चेहरा द्यायचाच असेल तर पुस्तकच नको," म्हणाली. आयुष्यभर लिहिलेलं असं बासनात जायचं! माझा जीव नुसता खालीवर. शेवटी "फोटो नाही, साधं चित्र, नाही आवडलं तर फाडून टाक," अशी गळ घालून मी काटकसऱ्यांना घरी आणलं. दुखण्याचं त्यांना सांगायचं मात्र घाईत राहूनच गेलं.

हा बाबा कागदाला हात लावेल तर शपथ! खिडकीपाशी बसून ताईकडे बघतोय आपला. मी चहा आणला. ताईनं घोट घेतला, आणि काटकसरे अगदी काळजीनं म्हणाले, "साखर कमी पडली का हो? तोंड वाकडं केलंत म्हणून विचारलं."

मेले! आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारतसुद्धा नव्हतं. मी डोळे वटारले, तर वर म्हणतात, "नाही, असेल कमी तर सांगावं माणसानं."

आणि ताई हसली. कप हिंदकळला, चहा मांडीवर सांडला, तरी हसतच राहिली. "साखर ठीक आहे हो," ती म्हणाली, "तोंडच असं आहे माझं."

काटकसरे कानकोंडे झाले, पण हात केव्हाच कुंचल्याकडे गेला होता. चष्मा, मानेचा बाक, आणि ओठांना एकच फटकारा, होता तसा वाकडा. बाकी कागद कोरा. मी पाहिलं, तर लहानपणी माझी खोडी काढून हसायची ती माझी ताई! देवा, किती दिवसांनी दिसली! आजही त्या माणसाचं नाव निघालं की माझे हात आपोआप जोडले जातात.

ताईनं चित्र हातात घेऊन पाहिलं. "वाकडंच काढलंत."

"हो. तसंच दिसलं."

ती उठली आणि चपला शोधायला लागली.

"अगं, निघालीस कुठं?" मी विचारलं.

"प्रकाशकांकडे. माझं मीच देते."

"ताई, शाई तरी वाळू द्या!" काटकसरे ओरडले.

"वाळेल रस्त्यात," म्हणत ती जिना उतरलीसुद्धा.