सरूबाईची पावलं

माझी सासू सरूबाई पंचाहत्तरीची. अख्खा मासळीबाजार तिला टरकून असतो, मीसुद्धा. पण त्या दिवशी तिने जे केलं ना, त्याला तोड नाही!

आमचा कोळीवाडा खारदांडा आणि जुहूच्या मधला. बोंबील वाळवायचं मैदान सगळ्या गावाचं, पण त्याचा कागद कसला तो नाही. तिथे आमच्या वलांड्या असतात, म्हणजे बोंबील टांगायला उभे केलेले बांबू. पावसाळ्यात त्या उतरवतो, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा उभ्या करतो. आणि मेले सर्वेवाले नेमके जुलैत आले! नकाशावर ‘रिकामा भूखंड’ लिहून मोकळे. म्हणजे उद्या तिथे टॉवर. वाट लागली होती आमची.

आम्ही बोंब मारली तेव्हा सर्वेचे मोठे साहेब भर पावसात जागा बघायला आले. म्हणाले, "पुरावा दाखवा."

"खणा," सरूबाई म्हणाली.

मैदानाच्या कडेच्या देवळाच्या पायरीपासून ती पावलं मोजत निघाली. एकोणिसाव्या पावलावर, शेजारच्यांच्या वलांडीच्या जागी, टाच आपटली. शेजारच्या सिद्धेशने पहार घातली. वर खडी, खाली शेणामातीचे थर, त्याखाली दगडांनी आवळलेला बांबूचा कुजका खुंट. त्याच्याही खाली सागाचा, काळाठिक्कर पडलेला.

"वरचा माझ्या काळातला, खालचा आजेसासूच्या," ती म्हणाली.

साहेब हसले. "आजी, हा तुम्हीच पुरला असेल."

"मग माझ्या सुनेला विचार."

आमच्यात नव्या नवरीला पायरीपासून आपल्या घराच्या वलांडीच्या खांबापर्यंत पावलं मोजायला लावतात. मी मुलुंडच्या फ्लॅटमधली, तेव्हा फिदीफिदी हसले होते. आता गावचं मैदान माझ्या पायांवर! डोळे मिटले, चालले. सव्वीस. डावीकडे चार.

"इथे," मी म्हटलं.

पहार दगडावर खणकन वाजली. खुंट होता!

मग कुठल्या कुठल्या घरातून बायका धावत आल्या. जी ती पायरीवरून चालायला लागली, जिथे थांबली तिथे खुंट. सातव्या खड्ड्याला साहेबांनी हात जोडले आणि ‘रिकामा’ खोडलं.

"आता काय लिहू?"

सरूबाईने पायरीजवळच्या खुंटापासून सुरुवात केली. घरामागून घर, बेचाळीस नावं सांगितली. साहेब गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होते. शेवटचं नाव आमच्या घराचं. तिथे तिने माझं सांगितलं.