गोटीपायी फुटलेल्या सात बाटल्या

"मूठ उघड गे. उघड म्हनतो की! ह्या माझ्या बाटल्यातल्याच गोट्या न्हवं?"

शाल्मलीनं भागूबाईपुढं मूठ उघडली. सात गोट्या.

"फोडलीस?"

"गोटी बाहेर येतच नव्हती, आजी."

"येनार कशी? भाईर येऊ नये म्हनूनच तर आत कोंडलीया तिला."

भागूबाई निपाणीकडची. तंबाखूच्या वखारीत हात काळे केलेली बाई. नवरा शिवाप्पा बेंगळूरच्या मिलमध्ये लागला म्हणून इकडं आली. मिल बंद पडली तसा शिवाप्पा बाजेवर बसला तो बसलाच. हिनं वठाराच्या, म्हणजे चाळीच्या, तोंडाशी गोटी सोड्याची टपरी टाकली. गोटी अंगठ्यानं आत दाबायची, ठॉक्कन. नऊ वर्षांत तो अंगठा बाभळीच्या खुंट्यागत झाला होता. सन शहाण्णवचा एप्रिल म्हणजे तिचा सुगीचा महिना, आणि त्यात ह्या पोरीनं परसात बसून दगडानं सात बाटल्या फोडलेल्या. पोरगी पुण्याची. बाप कॉम्प्युटरच्या कंपनीत. वरच्या माळ्यावर राहायला येऊन दोन महिने झालेले.

तिची आई श्वेता पर्स घेऊनच खाली आली.

"सॉरी हं मावशी. सात बाटल्यांचे किती होतात? आत्ता देते."

"पर्स झाक, ताई. पैशाला सोडा मिळत न्हाई, बाटलीला मिळतो. उद्या कारखान्याचा प्राणेश टेम्पो घेऊन येनार. अठ्ठेचाळीस रिकाम्या दिल्या तर अठ्ठेचाळीस भरलेल्या. एक्केचाळीस दिल्या तर एक्केचाळीस. पाऊस लागस्तवर दर खेपेला सात कमी."

"नव्या विकत नाही मिळत?"

"कारखान्यानं नव्या आनायचंच सोडलंय. हायत त्याच फिरवायच्या. एकेक बाटली वीस-वीस येळा माझ्या हातातनं गेलीया."

श्वेतानं पर्स मिटली. शाल्मलीनं विचारलं, "मग मी काय करू?"

"हुडक. नऊ वरसांत लोकांनी नेलेल्या बाटल्या कुठंतरी लोळत असतीलच की. सात तुझ्या फेडीच्या. आठवीपासनं बाटलीमागं आठ आने, रोख."

पोरीला कन्नडचा गंध नव्हता. भागूबाईनं तिला एकच वाक्य पाठ करून घेतलं. "'सोडा बाटली इदेया, अक्का?' म्हंजी बाटली हाय का. एवढंच म्हनायचं. 'इल्ला' म्हनाली की पुढचं दार."

दिवस मावळायला शाल्मली बादली ओढत आली. गुडघ्यापर्यंत वाळू, केसांत कोळ्याची जाळी. न्हाव्याच्या दुकानामागनं, बांधकामाच्या वाळूतनं, पिठाच्या गिरणीच्या माळ्यावरनं अशा दहा बाटल्या जमवल्या होत्या. भागूबाईनं एकेकीच्या तोंडावरनं अंगठा फिरवला. दोन बाजूला काढल्या.

"ह्यांचं तोंड टवकलंय. ओठ कापला कुनाचा तर?"

आठ राहिल्या. सात फेडीला, एकीचे आठ आणे. नाणं हातात पडताच पोरीची नजर चिक्कीच्या बरणीवर गेली.

"आज न्हाई. पैसा एक रात घरात निजू दे. उद्या बी चिक्कीच हवीशी वाटली तर ये."

सकाळी प्राणेशनं रिकाम्या बाटल्या मोजल्या, परत मोजल्या.

"अक्का, एक जास्त आहे?"

"मग एक जास्त भरलेली ठेव की. बघत काय ऱ्हायलास?"

"सरी, अक्का." त्यानं मान डोलावून एकोणपन्नास भरलेल्या उतरवल्या आणि टेम्पो गेला.

तेवढ्यात शाल्मली हजर. नाणं मुठीत तसंच. चिक्कीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"आजी, त्या दोन टवकलेल्या कुणालाच नकोत ना? मग फोडू?"

भागूबाईनं तिच्याकडं नीट बघितलं.

"फोड. पर गोनपाटात गुंडाळून, आनि माझ्या म्होरं. गोट्या तुझ्या. काच त्या डब्यात टाक, भंगारवाला वजनावर घेतो. त्याचं बी पैसं हायत, फुकट न्हाई जात."

"अक्का, ओंदु सोडा!" रिक्षावाला बाहेरनं ओरडला.

भागूबाईनं भरलेली एक उचलली, पदरानं तोंड पुसलं तिचं आणि अंगठा टेकवला.

ठॉक्क.