नवाबभाईंचा ड्रम

काळेवाडीत पंक्चर काढणारे नवाबभाई यंदा कुणाला धड बसू देईनात. लेक सादिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि गल्लीत डेंग्यू शिरलेला. मग काय, रोज सकाळी भाई गटारात जळकं ऑइल ओतणार, कचऱ्यावरून शेजाऱ्यांशी भांडणार, दुकानात येऊन चाक खोलणार आणि ते अर्ध्यावर टाकून पुन्हा गटार बघून येणार. आम्ही हसायचो. मनातून मात्र आम्हालाही धास्ती होतीच.

घरच्या पाण्याचा त्यांना भारी अभिमान. नळ एक दिवसाआड, म्हणून मोरीत मोठा ड्रम. पोटुश्या पोरीला पाणी कमी पडू नये म्हणून तो कधी रिकामाच होऊ द्यायचे नाहीत. जुन्यावरच नवं भरायचं, वर फडकं टाकायचं. पाणी ओतून देणं त्यांच्या जिवावर यायचं.

तरी सादिकाला ताप आलाच. त्याच सकाळी महापालिकेच्या शालनबाई घरोघरचं पाणी तपासत आल्या आणि थेट ड्रमकडे वळल्या. भाई भडकले. गटार सोडून प्यायच्या पाण्यात काय बघता, म्हणाले.

"ह्या डासाची मादी गटारात जात न्हाई, भाई," शालनबाई म्हणाल्या. "पाण्याला पाय टेकून चव घेती, वास घेती. निवळ, न हलणारं पाणी पटलं की मग काठाला अंडी चिकटवती."

भाई बॅटरीच्या उजेडात वाकले. ट्यूब पाण्यात दाबून बारीकसा बुडबुडा हेरणारी नजर ती. आज तिला अळ्या दिसल्या. वळवळत वर यायच्या, हवा घेऊन खाली जायच्या. फडकं एका बाजूनं सरकलेलं होतं. भाईंनी तसाच ड्रम उपडा केला आणि काथ्यानं आतून घासत सुटले.

"मीच पाळले," एवढंच पुटपुटत होते.

रिपोर्ट डेंग्यूचाच निघाला. पिंपरीच्या दवाखान्यात भाई वॉर्डाबाहेर नुसते येरझारा घालायचे. कुणी चहा दिला तर हातातच निवायचा. अखेर प्लेटलेट्स चढू लागल्या, बाळाचे ठोकेही ठीक आहेत असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. सादिकानं पाणी मागितलं. भाईंनी ग्लास भरला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरून बघत राहिले.

"अब्बा, द्या ना," ती म्हणाली.

पाणी स्वच्छच होतं. भाईंनी ते बेसिनमध्ये ओतून दिलं आणि दुसरं भरायला गेले.