आधी एडिटर

माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस एडिटर निवडतो, म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर. म्हैसूरजवळ कडकोळच्या आमच्या कंपनीत पंप चालवणारे, लिनक्सवर चालणारे छोटे कंप्यूटर-बोर्ड बनतात आणि त्यांचे प्रोग्राम लिहायचा त्याला पगार मिळतो, पण ते नंतर. आधी अक्षरांचं वळण, मग पडद्याचा रंग. माझा साधा एडिटर दिसला की आजारी माणसाला विचारावं तसं विचारतो, "अजून यातच लिहितोस?"

परवा आमचा बोर्ड बघायला पंपांच्या कारखान्याचे मालक आले, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे मराठी. याने ऐटीत बटण दाबलं. लॅपटॉपवर सुंदर हिरव्या अक्षरांत 'पंप सुरू' उमटलं. टेबलावरचा, बोर्डाला जोडलेला पंप ढिम्म. प्रोग्राम बोर्डासाठी नव्हे, लॅपटॉपसाठीच तयार, म्हणजे बिल्ड, झाला होता. एडिटरची प्रत्येक सेटिंग याने बदलली होती, कुठल्या यंत्रासाठी बिल्ड करायचं तेवढी एक सोडून.

"लॅपटॉपवर चालतंय ना पण," तो म्हणाला.

"हौदु, हो, दिसतंय की," मालक शांतपणे म्हणाले. "मग लॅपटॉपच बसवा पंपाला."

मी हसू दाबलं. तो मात्र विचारात पडला.

"बसवता येईल," तो म्हणाला, "पण मग एडिटर जरा हलका बघावा लागेल."