बुटक्यांचा लोहार, एल्फांची वनदेवी

आमचे सासरे आयुष्यभर कारखान्यात लेथ मशीनवर उभे राहिले. बोलणं मोजकं, आणि त्यांची हत्यारं कुणी जागची हलवली की डोकं फिरलंच. असा माणूस रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बुटक्यांचा पुजारी होऊन बसतो, यावर नवी नवरी असताना माझा विश्वासच बसेना. सगळा उद्योग माझ्या नवऱ्याचा. त्याने एक काल्पनिक जग रचलंय. तो गोष्ट सांगतो, आम्ही त्यातली माणसं होतो आणि फासे टाकतो. बाबांची जमात बुटक्यांची, त्यांचा देव लोहार. सासूबाई लांब कानांच्या एल्फ जमातीतल्या, त्यांची देवी वनदेवी.

मग ती गुहा आली. अजगराने सासूबाईंच्या एल्फला असा तडाखा दिला की ती मरणाला टेकली. बाबांच्या पुजाऱ्याकडे जखम भरायचा मंत्र होता, पण आमच्या खेळात देव फक्त आपल्या जमातीचं ऐकतो. आणि बाबा नियमाबाहेर जातील तर शपथ! "माझा देव एल्फांचं करत नाही," म्हणाले. एल्फ मेली.

"एवढा संसार केला, एक मंत्र निघाला नाही तुमच्या तोंडून," असं म्हणून सासूबाई उठल्या, त्या परत खेळाला बसल्याच नाहीत. बाबांशी बोलणंही बंद. मरण खेळातलं, पण रुसवा चांगला खराखुरा! इकडचे निरोप तिकडे करून मी पार वैतागले. शिवाय म्हातारपणी हे असंच राहिलं तर काय, ही धास्ती वेगळीच.

शेवटी नवऱ्याने तोड काढली. लोहार आणि वनदेवी मुळात एकच दैवत, दोन जमातींनी दोन बाजूंनी पाहिलेलं.

बाबा भडकले. "माझ्या देवाच्या हातात हातोडा आहे. तो आता झाडांना पाणी घालत बसणार?"

"हातोड्याचा दांडा कशाचा असतो, बाबा?" मला राहवलंच नाही.

"लाकडाचा," म्हणाले.

पण दोन देव एक करायचे, तर दोन्हीकडच्या एकेका भक्ताने नवी प्रार्थना सोबत म्हणायला हवी, हा आमच्या टेबलाचा रिवाज. आणि आमची एकुलती एक एल्फ आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी विचारतो आईला," नवरा उठला.

"तू बस," म्हणत बाबाच आत गेले. मी दाराला कान लावला. लाज कसली त्यात!

"ऐकलंस का? तुझी देवी माझ्या देवात घ्यायचीय."

"घ्यायला ती काय उपरी आहे? आधी नाव तिचं."

एरवी वाद झाला असता. "बरं, आधी तिचं," बाबा म्हणाले. आणि मग, "त्या दिवशी नियम मोडायला हवा होता मी. चुकलंच माझं."

दोघं बाहेर आले. प्रार्थना म्हणताना बाबा मध्येच अडकले, सासूबाईंनी पुढचा शब्द सांगितला. नवऱ्याने गोष्ट परत त्या गुहेत नेली. दैवत पहिल्यापासून एकच, तर तेव्हाचा मंत्रही चालायला हवा. मात्र फासा टाकावाच लागेल, म्हणाला.

बाबांनी टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"लागला मंत्र!" मी ओरडले. हुश्श!

बाबांनी टेबलावरून हात पुढे करून सासूबाईंच्या मनगटावर ठेवला. "ऊठ," म्हणाले.

सासूबाईंनी तो तसाच राहू दिला. "किती उशीर केलात हो," म्हणाल्या.