सिस्टरनं घातलेली वेणी

शेजारची सुमन ऑपरेशन करून घरी आली, तेव्हा माझी नजर आधी तिच्या वेणीवर गेली. आमच्या वयात स्वतः घातलेली वेणी मानेपाशी सुरू होते, कारण हात त्याच्या वर जात नाही. ही चांगली वरून, तेल लावून घट्ट घातलेली होती. टोकाला बँडेजची पट्टी बांधली होती.

"सिस्टर घालायची, रोज सकाळी," सुमन म्हणाली.

पित्ताचे खडे दोघींचेही काढले. माझे दोन महिन्यांपूर्वी सरकारी दवाखान्यात, तिचे आता ट्रस्टच्या. माझे डॉक्टर हुशार होते आणि माझे टाके तिच्यापेक्षा लवकर सुकले. हे मी तिला दोनदा ऐकवलं. आमच्या सिस्टरला पाणी प्यायलाही उसंत नव्हती, तिला मी बोल लावत नाही. पण मी घरी आले ती केसांचा गुंता घेऊन. सुनेनं तो शेवटी कात्रीनं कापला.

"सोड आता ती वेणी, उवा होतील," मी म्हटलं.

"जळतेस होय गं?" सुमन हसली. "बस इकडे, तुझी घालते."

घरची माणसं केस विंचरतात ती करावं लागतं म्हणून, आणि ते फणीच्या हिसक्यात कळतं. जिचं आपल्याशी काही नातं नाही, तिनं आपणहून आपल्या डोक्याला हात लावावा, हे सुमनला न मागता मिळालं. मला मिळालं नाही.

"नको," मी म्हटलं. "तू ओळखीची आहेस."